अंतर पुलांत मोजावे

व्हेनिसच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानातून अनेकदा शहराआधी खाजण दिसते. कोकणातल्या खाडीमुखाशी भरतीच्या वेळी दिसावे तसे उथळ, हिरवट पाणी. त्यात दलदलीची बेटे, वळणावळणाच्या नाळा आणि त्या नाळांच्या कडेने तीन-तीन एकत्र बांधून रोवलेले लाकडी खांब. जलमार्ग कोठे खोल आहे, हे नावाड्यांना त्या खांबांवरून कळते. सुमारे साडेपाचशे चौरस किलोमीटरांच्या या खाजणाच्या मध्यभागी शंभराहून अधिक बेटांवर व्हेनिस वसलेले आहे. विमानतळ मात्र मुख्य भूमीवर, तेस्सेरा या गावाजवळ, पाण्याच्या अगदी काठावर आहे. विमानतळ आणि शहर यांत रस्त्याने बारा-तेरा किलोमीटरांचे अंतर उरते.

इटलीला जाणारी कुटुंबे सहा-सहा महिने आधी बेत आखतात. विमानाची तिकिटे, मुक्कामाची ठिकाणे, रोम-फ्लॉरेन्सच्या रेल्वेगाड्या, संग्रहालयांच्या वेळा, सारे काही ठरलेले असते. या शेवटच्या बारा-तेरा किलोमीटरांचा विचार मात्र बहुधा विमानतळाच्या दाराबाहेर आल्यावरच होतो. इतर शहरांत तसे केल्याने फारसे बिघडत नाही, कारण टॅक्सी थेट हॉटेलच्या दारात नेऊन सोडते. व्हेनिसमध्ये ते दारच नसते. शहराच्या पश्चिम टोकाला पियाझ्झाले रोमा नावाचा चौक आहे; मोटार, बस, टॅक्सी यांचा रस्ता तेथे संपतो. त्याच्या पुढे मोटारीचे चाक नाही, सायकललाही बंदी आहे. टपाल, भाजीपाला, कचरा, रुग्णवाहिका, एवढेच काय, अंत्ययात्राही पाण्यावरून जाते. उरलेला मार्ग बोटीने किंवा पायी.

आणि पायी म्हणजे पुलांवरून. शहरात चारशेहून अधिक पूल आहेत. खालून नावा जाव्यात म्हणून ते कमानीसारखे उंच बांधलेले असून बहुतेकांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत. नकाशावर सातशे मीटर दिसणारी वाट पाच पुलांची असू शकते. वीस-बावीस किलोची बॅग प्रत्येक पुलावर उचलून चढवायची आणि उचलून उतरवायची. तरुणांना त्याची गंमत वाटेल. ज्यांच्या सोबत गुडघ्यांनी त्रस्त आई आहे, हृदयविकारातून उठलेले वडील आहेत किंवा कडेवर झोपलेले मूल आहे, त्यांच्यासाठी ती गंमत नव्हे. म्हणून व्हेनिसला जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी ठरवावी: येथे अंतर किलोमीटरांत नव्हे, पुलांत मोजावे. ‘सर्वांत स्वस्त काय?’ किंवा ‘सर्वांत जलद काय?’ हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असा की, उतरल्यानंतर मुक्कामापर्यंत किती पूल उरतात?

याचे उत्तर मिळवण्यासाठी मुक्कामाचा पत्ता पुरेसा नसतो, हेही ध्यानात घ्यावे. व्हेनिसचे जुने शहर सहा विभागांत वाटलेले आहे: कान्नारेजो, कास्तेल्लो, सान मार्को, सान पोलो, सान्ता क्रोचे आणि दोर्सोदुरो. घरांचे क्रमांक गल्लीनुसार नाहीत. ते संपूर्ण विभागात सलग चालत जातात आणि काही हजारांपर्यंत पोहोचतात. केवळ विभागाचे नाव आणि चार आकडी क्रमांक लिहिलेला पत्ता पाहून घर सापडणे स्थानिकांनाही सोपे नाही. त्यामुळे मुक्काम आरक्षित करतानाच यजमानांना दोन गोष्टी विचाराव्यात. सर्वांत जवळचा बोटीचा थांबा कोणता, आणि त्या थांब्यापासून दारापर्यंत किती पूल लागतात? हे दोन प्रश्न विचारले, तर पुढचे जवळजवळ सारे निर्णय आपोआप होतात.

सार्वजनिक वाहनाने शहरात जाण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला रस्त्याचा. विमानतळाच्या इमारतीबाहेरून पियाझ्झाले रोमाकडे दोन प्रकारच्या बस सुटतात. एक न थांबता जाणारी, सामान पोटात ठेवता येणारी मोठी बस, जी सुमारे वीस मिनिटांत पोहोचते. दुसरी शहर वाहतुकीची पाच क्रमांकाची बस, जी थोडी अधिक वेळ घेते. अलीकडच्या वर्षांत दोन्हींचे एका बाजूचे भाडे १० युरोंच्या घरात आहे. मात्र एकीचे तिकीट दुसरीत चालत नाही, म्हणून तिकीट घेताना बसचे नाव नीट पाहावे. ज्यांचा मुक्काम सान्ता क्रोचे विभागात किंवा रेल्वे स्थानकाच्या आसपास आहे, त्यांच्यासाठी हाच मार्ग उत्तम.

दुसरा मार्ग पाण्याचा. विमानतळाच्या इमारतीतून आच्छादित वाटेने सात-आठ मिनिटे चालत गेले की धक्का लागतो. तेथून अलिलागुना या सेवेच्या प्रवासी बोटी सुटतात. त्यांच्या मार्गांना रंगांची नावे आहेत. निळ्या मार्गाची बोट मुरानो बेटावरून शहराच्या उत्तर काठावरील फोंदामेंते नोव्हे येथे येते, पुढे लिदोला वळसा घालून सान मार्कोकडे जाते. नारिंगी मार्गाची बोट कान्नारेजोतून आत शिरते आणि मोठ्या कालव्यावरील रिआल्तोपर्यंत नेते. बसपेक्षा भाडे बरेच अधिक आणि वेळही जास्त. रिआल्तोला तासभर, तर निळ्या मार्गाने सान मार्कोला दीड तासाच्या आसपास. परंतु ज्यांचे घर फोंदामेंते नोव्हेच्या मागे किंवा कास्तेल्लोच्या आतल्या भागात आहे, त्यांना ही बोट बऱ्याचदा दारापासून एका-दोन पुलांवर सोडते. बसने वाचलेले पैसे आणि मिनिटे पुढे वाहन बदलण्यात आणि पायऱ्यांवर खर्च होतात, हा हिशेब येथे मांडावा लागतो. खासगी जलटॅक्सीही मिळते. पण तिला शंभराहून अधिक युरो मोजावे लागतात आणि ती सार्वजनिक वाहतुकीत गणली जात नाही.

पियाझ्झाले रोमाला उतरणाऱ्यांची वाट पुढे वापोरेत्तोने चालते. वापोरेत्तो म्हणजे व्हेनिसची जल-बस. तिचा इतिहास १८८१ पासूनचा. त्या वर्षी मोठ्या कालव्यात वाफेवर चालणारी पहिली प्रवासी बोट धावली, तेव्हा गोंडोला चालवणाऱ्यांनी पोट बुडण्याच्या भीतीने संप केला होता. वाफ कधीच गेली, नाव मात्र वाफेचेच राहिले. एक क्रमांकाची बोट मोठ्या कालव्यातून जवळजवळ प्रत्येक थांबा घेत, कधी या काठाला तर कधी त्या काठाला लागत, पाऊण तासात सान मार्कोला पोहोचते. दोन क्रमांकाची बोट थोडे थांबे घेऊन लवकर नेते. पणजीहून बेतीला किंवा रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने गेलेल्यांना येथले वातावरण परके वाटणार नाही. बोट धक्क्याला लागते, दोराचा वेढा खांबाला पडतो, आधी उतरणारे उतरतात, मग चढणारे चढतात. सारे मिनिटभरात.

तिकिटाबाबत काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. वापोरेत्तोचे ७५ मिनिटांचे तिकीट परक्या प्रवाशाला ९.५० युरोंना पडते. तीन-चार दिवस राहायचे असेल तर एक, दोन, तीन किंवा सात दिवसांचा पास किफायतशीर ठरतो. हा पास अलिलागुनाच्या बोटींत चालत नाही आणि विमानतळाच्या बसलाही लागू होत नाही. बससाठी तो घेतानाच वेगळी जादा रक्कम भरावी लागते. प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी धक्क्यावरील यंत्रासमोर तिकीट धरावे लागते. तिकीट खिशात आहे पण यंत्राला दाखवले नाही, तर ते नसल्यासारखेच, आणि तपासनीस आला तर दंड भरावा लागतो. सामानाच्या आकारालाही मर्यादा आहे. प्रत्येकी एक मध्यम बॅग हे प्रमाण घरूनच ठरवून निघावे. पुलांच्या शहरात चार मोठ्या बॅगांपेक्षा सहा लहान बॅगा बऱ्या, कारण लहान बॅग आजोबांनाही उचलता येते.

पियाझ्झाले रोमा आणि रेल्वे स्थानक यांमधला पूल हा या साऱ्याचा बोलका नमुना आहे. स्पॅनिश वास्तुरचनाकार सान्तिआगो कालात्रावा यांनी आखलेला हा पूल २००८ मध्ये खुला झाला. मोठ्या कालव्यावरचा हा चौथा आणि सर्वांत नवा पूल. दिसायला देखणा, डौलदार. पण त्याच्या पायऱ्यांत काचेच्या फरशा बसवलेल्या होत्या. पावसात, दवात लोक घसरून पडू लागले, आणि अखेर २०२२ मध्ये त्या काचा काढून दगड बसवण्याचा निर्णय नगरपालिकेला घ्यावा लागला. हातात ओझे आणि नजर मोठ्या कालव्याच्या पहिल्या दर्शनाकडे, अशा अवस्थेत या पुलावर चढणाऱ्याने आधी पायाखाली पाहावे. दर्शनासाठी वर कठडा आहे. तेथे थांबून पाहावे.

मिलान, रोम किंवा फ्लॉरेन्सहून रेल्वेने येणाऱ्यांना विमानतळाचा प्रश्न पडत नाही, पण त्यांच्या वाटेत दुसरा चकवा आहे. व्हेनिसच्या नावाची दोन मुख्य स्थानके आहेत. ‘व्हेनेझिया मेस्त्रे’ हे मुख्य भूमीवर, आणि ‘व्हेनेझिया सान्ता लुचिया’ हे बेटांवरील शहरात. नावातील पहिला शब्द वाचून मेस्त्रेला घाईने उतरणारे कमी नाहीत. चूक झालीच तर घाबरू नये. पुढची गाडी दहा-बारा मिनिटांत पलीकडे नेते. मुक्कामच मेस्त्रेला असेल तर विमानतळावरून थेट तेथे बस मिळते, आणि मेस्त्रेहून पियाझ्झाले रोमाला २०१५ पासून ट्रामही जाते. स्वस्त विमान कंपन्यांचे तिकीट काढताना मात्र विमानतळाचे नाव नीट वाचावे. त्यांतील काही विमाने त्रेव्हिझो या दुसऱ्या विमानतळावर उतरतात आणि तेथून बसने व्हेनिसला यायला तासभर लागू शकतो.

बस असो वा रेल्वे, ज्या पुलावरून ती खाजण ओलांडते त्या पुलाने या शहराचे तोंड फिरवले आहे. हजार वर्षे व्हेनिसमध्ये येणारा प्रत्येक जण पाण्यावरून आला. राजदूत, यात्रेकरू, मिरीचे व्यापारी, सारे सान मार्कोच्या धक्क्याला लागत. तेथले दोन उंच स्तंभ, राजवाडा आणि घंटाघर ही शहराची देवडी होती. ज्याचे नाव विमानतळाला दिले आहे तो मार्को पोलो तेराव्या शतकाच्या अखेरीस आशियातून परतला. त्याच्या प्रवासवर्णनात आपल्या ठाण्याचा उल्लेख आहे. महाराष्ट्राशी व्हेनिसचे याहून जवळचे नाते सोन्याचे आहे. १२८४ पासून व्हेनिसने पाडलेली दुकात ही सोन्याची नाणी व्यापाराच्या ओघात पश्चिम भारताच्या किनाऱ्यावर आली. त्यांवरील उभ्या मानवाकृतींमुळे त्यांना येथे ‘पुतळी’ म्हणू लागले, त्यांच्या नकला घडू लागल्या, आणि पुतळ्यांची माळ मराठी घराघरांत पोहोचली. ज्या घरात आजीची पुतळ्यांची माळ जपलेली आहे, त्या घराला व्हेनिसची ओळख विमानाआधी झालेली आहे.

ऑस्ट्रियाच्या अमलात १८४६ मध्ये खाजणावरचा रेल्वेपूल खुला झाला. त्याच्या शेजारी १९३३ मध्ये मोटारींसाठी रस्ता आला. दुसऱ्या महायुद्धानंतर या रस्त्याच्या पुलाला ‘पोंते देल्ला लिबेर्ता’, म्हणजे स्वातंत्र्याचा पूल, असे नाव मिळाले. जवळपास चार किलोमीटरांच्या या पुलाने शहराची मागची बाजू पुढची झाली. आज बहुसंख्य लोक मागच्या दाराने येतात आणि देवडी शेवटी पाहतात. त्यात दोष काही नाही. पण ज्यांना जमेल, त्यांनी एकदा तरी पाण्याने यावे किंवा पाण्याने परतावे. निळ्या मार्गाच्या बोटीतून मुरानोची काचेच्या भट्ट्यांची बेटे, मग विटांच्या भिंतीआडून डोकावणाऱ्या सुरूच्या झाडांचे स्मशानबेट, मग उत्तर काठावरील इस्पितळ, अशा क्रमाने शहर हळूहळू वर येताना दिसते. व्हेनिस पाण्यावर का आहे, याचे उत्तर त्या तासाभरात वेगळे विचारावे लागत नाही.

त्याच बोटीत आणखी एक गोष्ट दिसते. इस्पितळाला बोटीचा स्वतःचा थांबा आहे. तेथे वापोरेत्तोतून तपासणीसाठी निघालेल्या वृद्ध स्त्रिया उतरतात, डब्याची पिशवी घेतलेले नातेवाईक उतरतात, पाळी संपवून परिचारिका चढतात. पर्यटकाला जी नौकाविहाराची बोट वाटते, ती या लोकांची रोजची बस आहे. आणि हे लोक कमी होत चालले आहेत. १९५१ मध्ये बेटांवरील जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. घरांची हॉटेले झाली, किराणा दुकानांची मुखवट्यांची दुकाने झाली, तरुण मेस्त्रेला राहायला गेले. रहिवाशांना वापोरेत्तोचे तिकीट १.५० युरोला मिळते आणि काही थांब्यांवर त्यांच्यासाठी वेगळी रांग आहे. परक्यांना याचा कधी राग येतो. पण ज्या बोटीत पन्नास बॅगा आणि छायाचित्रे काढणारी गर्दी असते, तिच्यात डॉक्टरची वेळ गाठायला निघालेल्या आजीबाईंना जागा मिळावी, म्हणून केलेली ही सोय आहे. आपल्या गावच्या एसटीत यात्रेच्या दिवसांत गावकऱ्यालाच जागा न मिळण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

पाहुणचाराचे काही नियम येथे न लिहिता पाळायचे असतात. पाठीवरची पिशवी बोटीत उतरवून हातात किंवा पायाशी ठेवावी. बॅगा दारातून बाजूला घ्याव्यात. बोट थांब्याला लागताना छायाचित्रासाठी दारात उभे राहू नये. पहाटे गल्लीतून बॅगेची चाके खडखडवत नेण्याऐवजी जमेल तेवढे उचलून न्यावे, कारण त्या अरुंद गल्लीतल्या खिडक्यांमागे अजूनही कोणी झोपलेले असते. गर्दीला आवर घालण्यासाठी एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, दिवसापुरते येणाऱ्यांकडून शहर प्रवेशशुल्क घेऊ लागले आहे. शहरात रात्री मुक्काम करणाऱ्यांना ते माफ असते, पण त्यासाठी आधी नोंद करावी लागते. जाण्यापूर्वी त्या वर्षीचे दिवस आणि नियम पाहून घ्यावेत.

वेळेचेही भान हवे. रात्री उशिरा फेऱ्या विरळ होतात. मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्याने विमानतळावरून शेवटची बस किंवा बोट कधी आहे, हे आधीच पाहावे. हिवाळ्यात दाट धुके पडले की बोटींचे मार्ग बदलतात. भरतीचे पाणी फार चढले तर काही बोटी पुलांखालून जाऊ शकत नाहीत. इटलीत वाहतूक कर्मचाऱ्यांचे संप होतात. बहुधा ते आधी जाहीर केलेले असतात आणि त्या दिवशीही ठरावीक तासांत सेवा चालू राहते. परतीच्या दिवशी म्हणूनच तासाभराची उसंत हाताशी ठेवावी. व्हेनिसमध्ये विमान चुकण्याचे कारण बहुधा अंतर नसते. बोट समोरून भरून निघून जाते आणि पुढची यायला वेळ असतो.

या साऱ्याचा मेळ घालायचा तर निघण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी पुरतात. मुक्कामाजवळचा थांबा. तेथपर्यंतचे पूल. त्या थांब्याला येणारी बोट किंवा बस. आणि ती चुकली तर दुसरी. हा कागद कुटुंबातल्या ज्येष्ठांच्या हाती द्यावा. भ्रमणध्वनी बंद पडला तरी तो चालतो, आणि गल्लीत विचारायची वेळ आली तर दाखवायला उपयोगी पडतो. व्हेनिसमधले लोक बोटाने दिशा दाखवतात आणि ‘सेंप्रे दिरित्तो’, म्हणजे सरळ जा, असे सांगतात. तिथली कुठलीच वाट सरळ नसते, पण पुलापलीकडे कोणीतरी पुन्हा तीच दिशा दाखवतो.

परतीच्या सकाळी सहाच्या सुमारास फोंदामेंते नोव्हेच्या धक्क्यावर उभे राहिले तर सान मिकेले स्मशानबेटामागून उजाडताना दिसते. विमानतळाकडे निघालेली एक-दोन कुटुंबे बॅगांवर बसलेली असतात. शेजारच्या तरंगत्या धक्क्यावर मुरानोला कामाला निघालेले लोक हातात वर्तमानपत्र घेऊन उभे असतात, आणि इस्पितळाच्या बाजूने आलेली बोट रात्रपाळीच्या परिचारिकांना उतरवते. मग विमानतळाची बोट येते. दोर पडतो, दार उघडते, बॅगा आत जातात. त्या धक्क्यापर्यंत येताना एकही पूल लागला नसेल, तर आजोबांच्या चेहऱ्यावर ते दिसते.